सांडव्यावरचं क्षितिज

व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पाण्याच्या एका अरुंद, सहा मीटरच्या आसपास लांबीच्या पाटात एक प्रयोग झाला. पाटाच्या तळाशी विमानाच्या पंखाच्या वळणाचा उंचवटा बसवला होता. त्याच्यावरून जाताना पाणी उथळ होई आणि वेग घेई. खालच्या अंगाने, प्रवाहाच्या उलट दिशेला, लांब लाटा सोडल्या. त्या उंचवट्यापाशी पोचल्या, तिथे त्यांना पुढे सरकता येईना, आणि प्रत्येक लाटेतून दोन प्रकारच्या आखूड लाटा निघून प्रवाहाबरोबर मागे वाहत आल्या. या दोन लाटांचं गुणोत्तर वारंवारतेनुसार कसं बदलतं ते मोजलं गेलं. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली कृष्णविवरातून निघणाऱ्या प्रारणासाठी जो नियम मांडला होता, त्याच नियमाने हे गुणोत्तर बदलत होतं. शोधनिबंधावर सिल्के वाइनफुर्टनर आणि विल्यम उन्रू या भौतिकशास्त्रज्ञांच्या जोडीला एडमंड टेडफर्ड आणि ग्रेगरी लॉरेन्स या स्थापत्य अभियंत्यांची नावं आहेत.

कृष्णविवराच्या अभ्यासात कालवे आणि सांडवे जाणणाऱ्या माणसांची गरज पडावी, ही मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. या पुस्तकाचा रोखही तोच आहे.

वाहत्या पाण्याचं शास्त्र आपल्याला परकं नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई प्रांताच्या पाटबंधारे खात्यातून त्याची सुरुवात झाली. तिथे धरणांच्या, बंदरांच्या, नदीच्या वळणांच्या लहान प्रतिकृती उभारतात, त्यांत पाणी सोडतात आणि खरं धरण पुरात कसं वागेल ते आधीच पाहून घेतात. मी राहतो त्या म्हैसूरच्या गोकुलमपासून कृष्णराजसागर धरण जवळ आहे, आणि तिथेही कर्नाटक सरकारचं अभियांत्रिकी संशोधन केंद्र याच जातीचं काम करतं. खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढे कृष्णराजसागराचे मुख्य अभियंता झाले. पुण्याच्या आणि म्हैसूरच्या पाण्याचं हे नातं शंभर वर्षांहून जुनं आहे.

प्रतिकृतीत पाहिलेलं खऱ्या धरणाला लागू पडतं ते एका अंकाच्या भरवशावर. उथळ पाण्यातल्या लांब लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो. पाणी १० सेंटीमीटर खोल असेल तर लाट सेकंदाला सुमारे १ मीटर जाते, १ मीटर खोल असेल तर ३ मीटरहून थोडी जास्त. प्रवाहाच्या वेगाला या लाटेच्या वेगाने भागलं की मिळतो तो फ्रूड अंक. तो १ पेक्षा कमी असेल तर पाण्यात टाकलेल्या दगडाची लाट वरच्या अंगालाही चढते. १ पेक्षा जास्त असेल तर ती कितीही धडपडली तरी खालीच वाहून जाते. प्रतिकृतीत आणि धरणात हा अंक सारखा ठेवला की दोन्हीकडचा प्रवाह एकाच तऱ्हेने वागतो. सांडव्याचं डिझाइन करणारा अभियंता रोज हा अंक काढतो.

बलमुरीला, कृष्णराजसागराच्या वाटेवर, कावेरीवर एक बुटका बंधारा आहे. सुटीच्या दिवशी सगळं म्हैसूर तिथे पाण्यात पाय सोडून बसलेलं असतं. बंधाऱ्याच्या मागे पाणी संथ असतं, माथ्याशी येताना वेग धरतं, उतारावर पातळ होऊन धावतं आणि खाली एकदम उसळून पुन्हा सावकाश होतं. या उसळीला अभियंते हायड्रॉलिक जंप म्हणतात. आता लाटेच्या जागी बसून विचार करा. माथ्याच्या पलीकडे, धावत्या पाण्यात उमटलेली लांब लाट मागच्या संथ पाण्यात कधीच पोचू शकत नाही. तिथली बातमी वर जात नाही. कृष्णविवराच्या घटनाक्षितिजाची व्याख्या हीच आहे. फक्त तिथे लाटेच्या जागी प्रकाश असतो आणि वाहतं ते अवकाशच, असं गणित सांगतं. खालच्या उसळीपाशी नेमकं उलटं घडतं. खालच्या संथ पाण्यातली लाट धावत्या पाण्यात शिरू शकत नाही. ज्यात काहीच आत जाऊ शकत नाही, अशा श्वेतविवराचं ते क्षितिज. एका बुटक्या बंधाऱ्यावर दोन्ही क्षितिजं हातभर अंतरावर असतात.

हे साम्य उन्रू यांना एकदम सुचलं नाही. १९७२ साली ऑक्सफर्डच्या एका व्याख्यानात त्यांनी कृष्णविवर समजावताना धबधब्याकडे ओढल्या जाणाऱ्या माशाचा दाखला दिला. मासा एका ठरावीक जागेपलीकडे गेला की त्याची हाक वरच्या माशांना ऐकू येत नाही, कारण तिथे पाणी आवाजाहून वेगाने पडत असतं. श्रोत्यांसाठी तो नुसता दाखला होता. काही वर्षांनी विद्यार्थ्यांना द्रवगतिशास्त्र शिकवताना त्यांनी समीकरणं मांडली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वाहत्या द्रवातल्या ध्वनीचं समीकरण वक्र अवकाशकालातल्या लहरींच्या समीकरणाशी तंतोतंत जुळतं. उपमा म्हणून वापरलेली गोष्ट गणिताने खरी निघाली. १९८१ साली त्यांनी तीन पानांचा निबंध लिहून दाखवलं की अशा प्रवाहाच्या क्षितिजातून ध्वनीच्या रूपात हॉकिंग प्रारण बाहेर पडायला हवं. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं फारसं कुणी त्याकडे वळलं नाही.

हॉकिंग प्रारण आकाशात शोधत बसणं का व्यर्थ आहे, ते आकड्यांवरून कळतं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान हॉकिंग यांच्या सूत्रानुसार निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ६० नॅनोकेल्विन, म्हणजे एका अंशाच्या दहा कोटी भागांतले सुमारे सहा भाग. वस्तुमान वाढलं की हे तापमान आणखी घटतं. सगळ्या विश्वात भरून राहिलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण २.७ केल्विनवर आहे. प्रत्येक ज्ञात कृष्णविवर जेवढं देतं त्याहून फार जास्त ऊर्जा भोवतालाकडून घेतं. दुर्बीण कितीही मोठी केली तरी या गोंगाटात ती कुजबुज वेगळी काढता येणार नाही.

हॉकिंग यांच्या गणितात एक जागा मात्र अशी आहे जिथे मनात शंका येते, आणि प्रयोगशाळेतल्या या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण मी तीच मानतो. कृष्णविवरातून दूरवर आलेल्या लहरीचा माग उलटा काढत क्षितिजाकडे गेलं, तर तिची तरंगलांबी क्षणोक्षणी आक्रसत जाते. थोड्याच वेळात ती प्लांक लांबीच्या, म्हणजे १ मीटरच्या १ वर पस्तीस शून्यं इतक्याव्या भागाच्याही खाली जाते. त्या प्रमाणावर अवकाश कसं आहे हे आज कुणालाच सांगता येत नाही. तरीही हॉकिंग यांचं गणित त्या अज्ञात प्रदेशातून निर्धास्त चालत जातं आणि पलीकडे एक नेटकं उत्तर घेऊन येतं. त्या उत्तरावर विश्वास का ठेवायचा? १९९१ साली टेड जेकबसन यांनी हा प्रश्न ठासून विचारला, आणि उत्तराची वाटही दाखवली. द्रवालाही असाच एक तळ असतो, फक्त तो आपल्याला ठाऊक आहे. लाट लांब असेल तोवर पाणी सलग भासतं. ती आखूड झाली की पृष्ठताण जाणवू लागतो आणि वेगाचा साधा नियम मोडतो. पाण्यावरच्या तरंगांचा किमान वेग सेकंदाला सुमारे २३ सेंटीमीटर असतो, तो १.७ सेंटीमीटर लांबीच्या तरंगासाठी. त्याहून आखूड तरंग पुन्हा जास्त वेगाने धावतात, इतके की लांब लाटांना अडवणारं क्षितिज ते ओलांडू शकतात. क्षितिजाजवळ आक्रसणारी लाट या वेगळ्या नियमांच्या प्रदेशात जाऊन परत येते. परत येताना हॉकिंग यांचा नियम तिच्याबरोबर शाबूत येतो का, हे मग विचारता येतं. १९९५ साली उन्रू यांनी संगणकावर ते करून पाहिलं. तळाचे नियम बदलूनही बाहेर येणारं प्रारण जवळजवळ तसंच राहिलं. व्हँकुव्हरच्या पाटातला प्रयोग याच प्रश्नाची पाण्यातली परीक्षा होती.

ती परीक्षा निर्दोष नव्हती. त्या प्रवाहाचा फ्रूड अंक १ पर्यंत पोचलाच नव्हता, म्हणजे अगदी लांब लाटांसाठी तिथे खरं क्षितिज नव्हतंच, हे नंतरच्या विश्लेषणात पुढे आलं. फ्रान्समधल्या प्वातिए इथे जेर्मं रूसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. २०१६ साली त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावरच्या आपोआप उठणाऱ्या हालचालींतली जोड्यांची नाती मोजली, आणि २०२० साली फ्रूड अंक १ ओलांडणाऱ्या प्रवाहावर प्रयोग प्रसिद्ध केले. मला या तपशिलांत रस आहे, कारण विषय पुढे गेला तो अशा नेमक्या हरकतींमुळेच.

पाण्यात मोजता येतं ते बाहेरून सोडलेल्या लाटांचं रूपांतर. हॉकिंग यांचं प्रारण मात्र शून्यातून, पोकळीच्या क्वांटम स्पंदनांतून येतं, आणि ते पाहायला पाणी फार गरम असतं. त्यासाठी हैफाच्या टेक्नियन संस्थेत जेफ स्टाइनहावर यांनी रुबिडियमचे काही हजार अणू निरपेक्ष शून्याजवळ थंड करून बोस-आइन्स्टाइन संघनिताच्या अवस्थेत आणले. या अवस्थेत ध्वनीचा वेग सेकंदाला मिलिमीटरभरापेक्षाही कमी असतो. लेसरच्या साहाय्याने प्रवाहात एक पायरी केली. तिच्या एका बाजूला अणू ध्वनीहून हळू वाहतात, दुसऱ्या बाजूला ध्वनीहून वेगाने. २०१६ साली त्यांनी या क्षितिजातून आपोआप निघणारे ध्वनिकण दिसल्याचं एकट्याच्या नावावर प्रसिद्ध केलं. त्या विश्लेषणावर उल्फ लिओनहार्ट यांनी गंभीर आक्षेप घेतले. २०१९ साली सुधारलेल्या उपकरणाने स्टाइनहावर यांच्या गटाने प्रारणाचं तापमान मोजलं ते सुमारे ०.३५ नॅनोकेल्विन, सिद्धान्ताने सांगितलेल्या आकड्याशी जुळणारं. २०२१ साली त्यांनी हे प्रारण काळानुसार कसं टिकतं हे दाखवलं. त्यासाठी १२४ दिवसांत ९७,००० वेळा तोच प्रयोग केला. प्रत्येक वेळी संघनित नव्याने तयार करायचं, एक छायाचित्र घ्यायचं आणि त्या छायाचित्रात ते संघनित संपलं.

या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ०.३५ नॅनोकेल्विन हे सूर्याएवढ्या कृष्णविवराच्या ६० नॅनोकेल्विनपेक्षाही थंड आहे. म्हणजे अडचण प्रारण क्षीण असण्याची नव्हती, भोवतालच्या उष्णतेची होती. हैफात भोवतालच थंड करता आला. शिवाय प्रयोगशाळेला एक सवलत आहे जी आकाशात कधीच मिळणार नाही. हॉकिंग यांच्या म्हणण्याप्रमाणे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कणाचा जोडीदार आत पडतो. खऱ्या कृष्णविवराच्या आत डोकावता येत नाही, त्यामुळे जोडी कुणालाच तपासता येणार नाही. संघनितात क्षितिजाच्या दोन्ही बाजू एकाच छायाचित्रात येतात. स्टाइनहावर यांचा सगळा पुरावा या जोड्यांच्या परस्परसंबंधावर उभा आहे.

आता म्हैसूरचा आणि पुण्याचा थेट संबंध. कृष्णविवराला धक्का दिला तर ते कसं प्रतिसाद देईल, हा प्रश्न १९७० साली सी. व्ही. विश्वेश्वर यांनी 'नेचर'मधल्या एका छोट्या निबंधात सोडवला. बेंगळुरूत जन्मलेल्या विश्वेश्वर यांच्या सुरुवातीच्या पदव्या म्हैसूर विद्यापीठाच्या. डॉक्टरेट त्यांनी मेरीलँडला चार्ल्स मिस्नर यांच्याकडे केली, आणि पुढे ते बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाचे संस्थापक संचालक झाले. त्यांनी संगणकावर गुरुत्वीय लहरींचा एक पुंजका कृष्णविवरावर सोडला. पुंजका रुंद असेल तर विशेष काही घडत नव्हतं. तो कृष्णविवराच्या आकाराइतका अरुंद केला तेव्हा उत्तरादाखल एक विरत जाणारं कंपन आलं, आणि त्याची वारंवारता व विरण्याचा वेग ही दोन्ही पुंजक्यावर अवलंबून नव्हती, कृष्णविवराच्या वस्तुमानावर होती. घंटा कशानेही वाजवली तरी तिचा नाद तिचाच असतो, तसं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या यंत्रांनी दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. त्या संकेताच्या शेवटी हे विरणं होतं, सुमारे ६२ सूर्यांच्या वस्तुमानाच्या नव्या कृष्णविवराचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बातमी जाहीर झाली ती विश्वेश्वर यांना पाहायला मिळाली. १६ जानेवारी २०१७ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या २००६ सालच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात 'ब्लॅक होल्स इन माय बबल बाथ' असे शब्द आहेत. न्हाणीतल्या पाण्याचा भोवरा मग इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला खरोखरच प्रयोगाचं साधन झाला. वाइनफुर्टनर यांच्या गटाने तिथे मोठं टाकं बांधलं. त्याच्या तळाला मधोमध छिद्र, आणि पाण्याला पृष्ठभाग टिपता यावा म्हणून हिरवा रंग. पाणी फिरत फिरत छिद्रातून जातं आणि फिरत्या कृष्णविवरासारखा प्रवाह तयार होतो. २०१७ साली त्यांनी दाखवलं की या भोवऱ्यावर आदळून परतणाऱ्या काही लाटा आल्या होत्या त्यापेक्षा उंच होऊन परततात. फिरणाऱ्या कृष्णविवरातून ऊर्जा काढता येते, हा रॉजर पेनरोज यांचा १९६९ सालचा विचार. त्याचं लाटांमधलं रूप पाण्यात प्रथमच मोजलं गेलं. पेनरोज यांच्या या प्रक्रियेला खऱ्या आकाशात काही उपयोग नाही, असं मत रूढ होत असताना १९८५ साली संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी कृष्णविवराभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हिशेबात धरून ती पुन्हा उभी केली होती. धुरंधर आणि दधीच पुढे पुण्याच्या आयुका या खगोलभौतिकी केंद्रात होते. २०२० साली नॉटिंगहॅमच्याच गटाने भोवऱ्यातून आपोआप उठणाऱ्या लाटांमध्ये विश्वेश्वर यांच्या कंपनांचं पाण्यातलं रूप ओळखलं. आणखी चार वर्षांनी त्यांनी अतिप्रवाही हीलियममध्ये, उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास, मोठा क्वांटम भोवरा तयार केला. हीलियमला घर्षण जवळजवळ नसतं, त्यामुळे पाण्यात दबून जाणारे बारीक तरंगही त्यात दिसतात.

याच साखळीत मला सर्वांत जवळचा वाटणारा दुवा इलिनॉय विद्यापीठातल्या स्मिता विश्वेश्वर यांचा आहे. त्या विश्वेश्वर यांच्या कन्या, आणि घनपदार्थांच्या क्वांटम भौतिकीच्या अभ्यासक. २०१९ साली सूरज हेगडे, वर्षा सुब्रमण्यन आणि बॅरी ब्रॅडलिन यांच्यासह त्यांनी दाखवलं की तीव्र चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ थरात, विद्युतविभवाला खोगिराचा आकार दिला, तर त्या खोगिरावर इलेक्ट्रॉनांचं जे विखुरणं होतं त्याचं गणित कृष्णविवराच्या विरत्या कंपनांचं आणि हॉकिंग-उन्रू परिणामाचं गणित आहे. हे सिद्धान्तातलं काम आहे, प्रयोग अजून व्हायचा आहे. पण वडिलांनी १९७० मध्ये आकाशासाठी मांडलेलं उत्तर मुलीने प्रयोगशाळेतल्या वस्तूत शोधून काढावं, यात विज्ञानाचा वारसा कसा चालतो ते मला दिसतं.

वर्तमानपत्रांनी 'प्रयोगशाळेत कृष्णविवर तयार' अशा मथळ्यांनी या विषयाचं नुकसान केलं आहे. टाक्यात कृष्णविवर नसतं. पाणी, संघनित आणि ज्यांत असेच प्रयोग झाले ते प्रकाशतंतू, हे सगळे लहरींच्या चालीची नक्कल करतात. अवकाशकाल पदार्थाने कसा वाकतो, हे सांगणारं आइन्स्टाइनचं समीकरण मात्र त्यांतलं कुणीही पाळत नाही. म्हणून प्रारण देत देत कृष्णविवराचं शेवटी काय होतं, त्याच्या पोटातली माहिती कुठे जाते, त्याची एन्ट्रॉपी पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात का, यांवर भोवऱ्याला काही बोलता येत नाही. तत्त्वज्ञांमध्येही यावर वाद आहे. रादिन दारदाश्ती, करीम थेबो आणि एरिक विन्सबर्ग यांना असे प्रयोग विशिष्ट अटींवर हॉकिंग यांच्या भाकिताला पुष्टी देतात असं वाटतं. कॅरेन क्रॉदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते कृष्णविवरही या प्रवाहांच्याच गटात मोडतं हे आधीच गृहीत धरल्याशिवाय ती पुष्टी मिळत नाही. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो. पुष्टी हा शब्द मोठा आहे. पण तळाचे नियम वेगवेगळे असलेल्या पाण्यात, अणूंत आणि काचेच्या तंतूत एकच नियम पुन्हा पुन्हा शाबूत निघतो, तेव्हा हॉकिंग यांचं उत्तर अवकाशाच्या सूक्ष्म रचनेवर नाजूकपणे टेकलेलं नाही, एवढं तरी ठामपणे म्हणता येतं. जेकबसन यांच्या प्रश्नाला इतकं उत्तर मिळणं मला थोडं वाटत नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. सुरुवात उथळ पाण्यातल्या लाटांपासून होते, कारण तिथे सूत्रं स्वतः काढून पाहता येतात. त्यासाठी बारावीचं गणित पुरे. मग द्रवातल्या ध्वनीचं समीकरण आणि उन्रू यांचा निबंध, त्यानंतर भोवरे, मग संघनित आणि प्रकाशतंतू. हॉकिंग यांची मूळ मांडणी मुद्दाम उशिरा येते, वाचकाने क्षितिज एकदा पाण्यात ओळखल्यावर. हीलियमच्या प्रयोगांवरचं प्रकरण सर्वांत त्रोटक आहे. तिथलं काम अजून चालू आहे, आणि पुढच्या आवृत्तीत त्याच प्रकरणाची पानं सर्वांत आधी बदलावी लागतील.

गोकुलम, म्हैसूर